वीस पावलांवर

ईशान, मागच्या रविवारी तू फोनवर जरा चिडलाच होतास. "आजी, फोन उचलायला इतका वेळ का लावतेस? दोनदा वाजून बंद झाला," असं म्हणालास. मागून अन्वीचा आवाज आला, "अरे, झोपली असेल ती." मी झोपले नव्हते. मी येत होते. पण 'येत होते' म्हणजे काय हे सांगायला बसले असते तर तुमच्या जेवणाची वेळ झाली असती आणि माझं अर्धंच सांगून झालं असतं. कुठलीही गोष्ट अर्धी वाचली किंवा अर्धी सांगितली की काय होतं, ते मला चांगलं माहीत आहे. म्हणून आज वही घेऊन बसले आहे. तुम्ही दोघं मराठी सावकाश वाचता, तसंच सावकाश वाचा.

आमचं घर इंदापूरहून बारामतीला जाणाऱ्या रस्त्यावर, निमगाव मागे टाकल्यावर, कालव्याच्या कडेला होतं. आता तिथे गेलात तर ते सापडणार नाही. माझ्या जन्माआधी आमच्याकडे मेंढरं होती. दिवाळी झाली की सगळं बिऱ्हाड घोड्यांवर लादायचं, आणि लहान लेकरं सोडून बाकी सगळ्यांनी कोकणापर्यंत पायी जायचं, असं किती पिढ्या चाललेलं होतं. मग कालव्याचं पाणी शेतात आलं, ऊस आला, आणि मेंढरं विकली गेली. घराला हे मानवलं, पण बयाआजीच्या पायांना मानवलं नाही. बयाआजी म्हणजे माझ्या वडिलांची आई. ती रोज सकाळी उठून काही काम नसताना कालव्याच्या पुलापर्यंत चालत जायची आणि परत यायची. तिला शंभरापर्यंत अंक येत नव्हते, पण विसापर्यंत पक्के येत होते. मेंढरं मोजताना वीस झाली की एक खडा ओच्यात टाकायचा, पुन्हा एकपासून सुरू करायचं. 'एक ईस, दोन ईस' अशी ती मोजणी. मेंढरं गेल्यावरही ती तशीच मोजायची. भाकरीही आणि दिवसही.

माझ्या वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. त्यांची आठवण आली की आधी मला आवाज येतो, चेहरा नंतर दिसतो. जाड चामड्याच्या, खाली खिळे मारलेल्या त्यांच्या पायताणांचा तो आवाज. कर्र, कर्र. तो कालव्याच्या भरावावर असताना ऐकू यायला लागायचा, आणि अंगणात येईपर्यंत आई चुलीवर तवा टाकायची. पहिली भाकरी फुगायची आणि अण्णा हात धुऊन पाटावर बसायचे. बाजरीची भाकरी, लसणीचा ठेचा आणि थंडीच्या दिवसांत हुलग्याचं माडगं, म्हणजे कुळथाच्या पिठाची पातळ, गरम पेज. वारा तिकडून असला तर वालचंदनगरच्या साखर कारखान्याचा भोंगा ऐकू यायचा. आमच्याकडे घड्याळ होतं, पण आईचा विश्वास भोंग्यावर जास्त.

घरात इंग्रजी वाचणारी मी एकटी. मॅट्रिक झाले आणि एसटीने रोज बारामतीच्या कॉलेजात जाऊ लागले. अण्णांना त्याचं फार अप्रूप होतं. खताच्या पोत्यावर इंग्रजी दिसलं की ते हाक मारायचे, "सुशा, वाच गं ह्ये." मी वाचायचे. त्यांना त्यातलं काही कळायचं नाही, पण डोळे मिटून ऐकायचे. मला तेव्हापासूनच सगळं जिथल्या तिथे लागायचं. वह्यांना कव्हरं, कव्हरांवर नावं, नावाखाली रेघ. घरात मला 'कलेक्टरीणबाई' म्हणायचे, आणि ते मला मनातून आवडायचं.

अण्णांना हृदयाचा झटका आला तो भर दुपारी, शेतात. त्यांचे धाकटे भाऊ, आमचे नाना, बरोबर होते. ट्रॉलीत उसाचं पाचट अंथरून त्यांना बारामतीला नेलं. दवाखान्यातल्या तीन आठवड्यांबद्दल मी लिहीत नाही, कारण त्यातलं मला फक्त फिनेलचा वास आणि आईच्या पदराचं चावलेलं टोक आठवतं. मी लिहिणार आहे ते घरी आणल्यानंतरचं. मरणाच्या दारातून माणूस परत आणला की आपण जिंकलो असं वाटतं. खरी परीक्षा तिथून पुढे असते, आणि तिथे डॉक्टर नसतात, घरचे असतात.

निघताना डॉक्टरांनी इंग्रजीत लिहिलेला एक कागद माझ्या हातात दिला. "तू कॉलेजात आहेस ना? सगळं सविस्तर लिहिलंय. घरच्यांना नीट समजावून सांग. दीड महिन्याने दाखवायला आणा." जीप दारात थांबलेली, नाना आणि आई अण्णांना धरून बसवत होते. मी कागद वाचला. पूर्ण विश्रांती, अंथरुणातून उठायचं नाही, मीठ आणि तूप बंद, मनाला त्रास होईल असं काही नाही, छातीत कळ आली तर बारीक गोळी जिभेखाली. मी कागद उलटला. मागे एका टॉनिकची जाहिरात होती. बाटलीचं मोठं चित्र आणि शेजारी दंड दाखवणारा माणूस. मी कागद पुन्हा सरळ केला आणि जीपमध्ये चढले.

घरी आल्यावर पहिलं काम मी काय केलं, तर पिठाची खळ शिजवली आणि तो कागद अण्णांच्या खाटेसमोरच्या भिंतीवर चिकटवला. हरवायला नको, कुणी चुरगाळायला नको. चारी कडा बोटाने दाबून बसवल्या. बयाआजीने येऊन त्याला हळद-कुंकू वाहिलं आणि हात जोडले. घरात नवा नांगर आला, नवा तराजू आला की ती असंच करायची.

आईने त्याच दिवशी मिठाचं गाडगं माळ्यावर नेऊन ठेवलं. "त्यांनी एकट्यानं अळणी खायाचं आन आमी समुर बसून चवीनं जेवायचं, ह्ये मला जमायचं न्हाय," एवढंच म्हणाली. त्या दिवसापासून सगळं घर अळणी जेवू लागलं. बिनमिठाची भाकरी एकदा खाऊन बघा, मग तुम्हाला माझी आई कळेल. नानांनी दोन दिवस कसेबसे काढले. तिसऱ्या दिवशी त्यांच्या धोतराच्या सोग्यातून पुडी खाली पडली.

"काय गं वैनी, बगती काय? बैलाला चाटाया नेतूय मीठ," नाना म्हणाले.

"बैलाला मिरची बी लागती का?" आईने विचारलं, कारण पुडीत दोन हिरव्या मिरच्याही होत्या.

खाटेवरून अण्णा हसले. दवाखान्यातून आल्यावरचं ते पहिलं हसू, आणि पुढे कितीतरी दिवस ते शेवटचंच ठरलं.

चौथ्या दिवशी मी कॉलेजातून परत आले, तर अंगणात अण्णा उभे होते. एका बगलेत बयाआजी, दुसऱ्या बगलेत नाना. ते त्यांना चालवत होते. अण्णांचा चेहरा राखेसारखा झाला होता आणि पाय जमिनीवरून ओढले जात होते. बयाआजी मात्र समोर बघून मोजत होती, "अकरा, बारा, तेरा…"

तिच्या मनात काय होतं ते तुम्हाला सांगायला हवं, नाहीतर तुम्ही तिला मूर्ख समजाल. मेंढपाळाचं जन्मभराचं ज्ञान असं, की आजारी मेंढरू बसू द्यायचं नाही. कळपातलं एखादं बसलं, की त्याला उभं करायचं, पोटाखाली हात घालून चालवायचं. जे बसून राहतं ते संध्याकाळी मेलेलं सापडतं. तिने शेकडो मेंढरं अशी वाचवली होती. आता तिचा मुलगा बसला होता, आणि तिला जे येत होतं ते ती करत होती.

मी ओरडले. त्याच क्षणी अण्णांचे गुडघे वाकले आणि ते दोघांच्या हातातून निसटून खाली बसले. छातीवर हात, तोंडाला फेस नाही पण ओठ निळे. आई धावत आली, नुसती "आवं… आवं…" करत राहिली. त्या बारीक गोळ्यांची बाटली कुठली हे फक्त मला माहीत होतं. झाकण उघडताना माझ्या हातून अर्ध्या गोळ्या मातीत सांडल्या. एक उचलली, मातीसकट त्यांच्या जिभेखाली ठेवली. मग आम्ही चौघं त्यांच्याभोवती बसून राहिलो. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. भोंगा झाल्याचं आठवतं. त्यानंतर केव्हातरी अण्णांनी डोळे उघडले.

त्यांना खाटेवर झोपवल्यावर मी बयाआजीकडे वळले. घरात कुणी तिच्यापुढे आवाज चढवत नसे. मी चढवला. "मारून टाकाल तुम्ही त्यांना! माणूस आहे तो, मेंढरू नाही!"

ती भिंतीला टेकून उभी होती. तिने मान हलवली. "माजं चुकलं," ती म्हणाली. "तुजा कागुद काय म्हनतो?"

"उठायचं नाही."

"किती दिस?"

मी भिंतीकडे पाहिलं. कागदावर दिवसांचा आकडा नव्हता. "डॉक्टर सांगतील तोवर," मी म्हणाले. माझ्या आवाजात जराही शंका नव्हती.

त्या दिवसापासून घर माझ्या ताब्यात आलं. मी कॉलेज बंद केलं. दारात खुर्ची टाकून बसू लागले. औषधांच्या वेळा, पाण्याच्या वेळा, कूस बदलण्याच्या वेळा मी वहीत आखल्या. अण्णांची पायताणं मी आढ्याजवळच्या खुंटीवर टांगली, म्हणजे उठावंसं वाटलं तरी हाताला लागायला नकोत. भेटायला माणसं येत, बारामतीहून, निमगावाहून, नरसिंहपूरच्या पाहुण्यांपर्यंत सगळी. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला न जाणं हा मोठा अपमान. मी त्यांना उंबऱ्यावरूनच चहा देऊन परत पाठवू लागले. अण्णांचे बालमित्र म्हणजे गावातले आबा. तेही एकदा आले. "पोरी, नुसतं तोंड दावतो आन जातो," म्हणाले. मी नाही म्हटलं. ते चहा तसाच ठेवून निघून गेले. आतून अण्णांचा आवाज आला, "कोन हुतं?" मी म्हटलं, "कुणी नाही."

"कलेक्टरीणबाई, आमाला तरी परवानगी हाय का आत जायाची?" नाना विचारायचे. आधी ते चेष्टेने विचारत. पुढे पुढे खरंच विचारू लागले.

मी वाईट वागत होते असं मला आजही म्हणवत नाही. मला भीती वाटत होती. अंगणात त्यांचे गुडघे वाकले ते मला डोळे मिटले की दिसायचं. त्यांनी नुसता हात उशाला टेकवला तरी मी ओरडायचे, "अण्णा, उठू नका! पुन्हा तसं झालं तर तुम्ही वाचणार नाही!" दिवसातून दहा वेळा मी त्यांना हे ऐकवत होते. कागदावर लिहिलं होतं, मनाला त्रास होईल असं काही नको. ते मी रोज वाचत होते.

सुरुवातीला अण्णा गप्पा मारायचा प्रयत्न करायचे. "सुशा, आढ्याची लाकडं सतरा हायती. जलम गेला ह्या घरात, आज कळलं." मग तेही थांबलं. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागले. दोन घास खाऊन ताट सारायचे. मांड्यांचं मांस उतरलं, पिंढऱ्या लोंबायला लागल्या. आई स्वयंपाकघरात जाऊन जात्यावर बसायची. एकदा मी आत डोकावले तर जातं नुसतंच फिरत होतं, त्यात दाणा नव्हता. रडण्याचा आवाज अण्णांना जाऊ नये म्हणून ती रिकामं जातं ओढत होती. मला पाहून तिने थांबवलं नाही. "डागदर कवा सांगत्याल गं?" एवढंच तिने विचारलं. दगडावर दगड घासल्याचा वास घरभर पसरला होता. आजही कुठे दगड कापताना तो वास आला की मी तिथून निघून जाते.

बयाआजी बोलत नव्हती. पुलापर्यंतचं चालणंही तिने बंद केलं होतं. मुलगा पडलेला असताना आपण कसं चालायचं, असं तिला वाटत असावं. ती खाटेच्या पायाशी बसून राहायची आणि रोज सकाळी एक खडा कोनाड्यात ठेवायची. मी एकदा रागाने विचारलं, हे काय? "दिस मोजती," ती म्हणाली. "एक ईस झालं. दुसरं निम्मं झालं."

मग ती सकाळ. मी अण्णांचं तोंड पुसत होते. त्यांनी डोळे उघडले, आढ्याकडे पाहिलं, आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदा नीट वाक्य बोलले. "सुशा, माजी पायतानं नानाला दे. त्येचं पाय माज्याएवढंच हायती. पडून पडून चामडं खराब व्हतंय."

मी दवाखान्यात रडले नव्हते, अंगणातही रडले नव्हते. तेव्हा मी तोंड धुण्याचं तांब्याभर पाणी तसंच हातात घेऊन बाहेर आले आणि न थांबता रस्त्याकडे चालू लागले. तांब्या हातात आहे हे एसटीत चढताना कळलं. दाखवायच्या तारखेला अजून अवकाश होता, पण तोवर अण्णा राहणार नाहीत, हे मला त्या पायताणांवरून कळलं होतं.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. छातीत पुन्हा कळ आली का? नाही. धाप? नाही. पायावर सूज? नाही.

"मग चालतात किती?" त्यांनी विचारलं.

"चालत नाहीत. आम्ही उठूच देत नाही."

"अगं, म्हणजे काय? घरी गेल्यावर पहिले दहा दिवस पडून राहायचं होतं. मग खाटेवर पाय खाली सोडून बसायचं, मग वीस पावलं, मग चाळीस. आतापर्यंत तुमच्या अंगणाला दहा फेऱ्या व्हायला हव्या होत्या. कागदाच्या मागे सगळं लिहून दिलं होतं मी."

"मागे… जाहिरात होती."

"जाहिरातीच्या खाली," डॉक्टर म्हणाले. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नवा कागद घेतला, मोठ्या अक्षरात सगळं पुन्हा लिहिलं, आणि या वेळी मराठीत लिहिलं. मी विचारलं, "आता उशीर झालाय का?" ते म्हणाले, "घेऊन या त्यांना. बघू." हे उत्तर नव्हतं, आणि ते मला त्याच वेळी कळलं.

परतीच्या एसटीत मी उभीच होते. जागा होती, पण बसवेना. इंग्रजी वाचता येणारी मी एकटी, आणि मीच वाचलं नव्हतं. अडाणी आजीने चूक केली तेव्हा मी तिला सगळ्यांसमोर बोलले होते. माझी चूक तर तिच्या चुकीच्या कितीतरी पट लांब चालली होती, दिवसेंदिवस, औषधाच्या वेळांसारखी वहीत आखून. लासुर्णे गेलं, निमगावचा फाटा जवळ आला, आणि मी मनात एकच गोष्ट घोळवत होते. मी पोहोचेन तेव्हा अण्णा जिवंत असतील का?

होते. मी ओल्या फडक्याने भिंतीवरचा कागद भिजवला आणि सोडवू लागले. खळ इतकी घट्ट बसली होती की कागद तुकड्यातुकड्यांनी निघाला. टॉनिकवाल्या माणसाचा दंड निघाला. त्याच्याखाली निळी शाई पसरलेली, आणि तिच्यात एक आकडा कसाबसा वाचता येत होता. वीस. आई, नाना, बयाआजी माझ्याभोवती येऊन उभे राहिले. मी त्यांना सांगितलं. जसं घडलं तसं सांगितलं. आईने तोंडाला पदर लावला. बयाआजीने माझ्या हातातला तो ओला तुकडा घेतला, उलटसुलट करून पाहिला, आणि परत दिला. तिला बोलायची संधी होती. ती मला तेव्हा जे बोलली असती ते मी जन्मभर ऐकलं असतं.

"पायतानं काड खाली," ती म्हणाली.

चामडं वाळून कडक झालं होतं, कडा वर वळल्या होत्या. तिने एरंडेल तेल घेतलं आणि अंगठ्याने चोळत बसली. तेवढ्या वेळात मी अण्णांना सांगितलं, की डॉक्टरांनी उठायला सांगितलंय. त्यांनी मान फिरवली.

"अण्णा, खरंच सांगितलंय. माझं चुकलं. आधीच उठायला हवं होतं तुम्ही."

"नगं."

"हळूहळू. आम्ही धरतो."

"तूच म्हनलीस, उठलो की मरनार," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "मला न्हाय मरायचं, सुशा."

आम्ही त्यांना वाट्टेल ते सांगितलं. नवा कागद वाचून दाखवला. नाना म्हणाले, मी उचलून नेतो. आई पाया पडली. अण्णांनी खाटेची दोरी दोन्ही मुठींत घट्ट धरून ठेवली. जो माणूस कधी पुरालाही भ्यायला नव्हता त्याला मी एवढं भिववलं होतं. संध्याकाळचं ऊन दारातून आत आलं होतं, आणि मला वाटलं, संपलं. पाय चालू शकले असते तरी माणूस आता उठणार नाही.

तेव्हा बयाआजीने सगळ्यांना बाजूला केलं. पायताणं खाटेजवळ ठेवली. मग मला दंडाला धरून अंगणात नेलं, एकेक पाऊल मोजत, आणि पेरूच्या झाडाजवळ उभं केलं. "हितं हुबी ऱ्हा. आन हाक मार त्येला."

"काय हाक मारू?"

"ल्हानपनी मारायचीस ती. मेंढरू न्हाय उठलं तर त्येला वडायचं नसतं. त्येचं कोकरू म्होरं न्यायचं. कोकरू वरडलं का उठतं."

मी उघड्या दारातून आत पाहिलं. अण्णांची मान माझ्याकडे वळलेली होती. मला हाक मारता येईना. "वरड की गं!" बयाआजी खेकसली. मग माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो हाक नव्हती, लहान मुलाचं रडं होतं. "अण्णा… अण्णा, या ना हो…"

त्यांनी एक मूठ सोडली. मग दुसरी. नाना पुढे झाले तर बयाआजीने त्यांना हाताने मागे ढकललं. अण्णांचे पाय खाली आले, पायताणांत शिरले. ते उभे राहिले, थरथरत, खाटेचा खूर धरून. मग त्यांनी तो सोडला. कर्र. मी रडत होते, हाका मारत होते, आणि बयाआजी माझ्या शेजारी हळू आवाजात मोजत होती. सात पावलांवर ते उंबऱ्यात बसले. तोंडावर हात घेऊन मोठमोठ्याने रडले. पण मेले नाहीत. आई त्यांच्याजवळ जाऊन बसली, आणि तिने त्यांचा पाय आपल्या मांडीवर घेतला आणि चेपू लागली.

दुसऱ्या दिवशी अकरा पावलं. पाचव्या दिवशी ते पेरूपर्यंत आले आणि बयाआजीने ओच्यात पहिला खडा टाकला. "एक ईस." नंतर आबाही रोज येऊ लागले, आणि ते दोघं अंगणात फेऱ्या मारायचे. मी आबांची माफी मागितली तेव्हा ते म्हणाले, "त्या दिसाचा चहा राहिलाय तेवडा दे."

हे सगळं गोड झालं असं समजू नका. अण्णा पुढे काही वर्षं जगले, पण कालव्यापलीकडच्या शेतापर्यंत पुन्हा कधी गेले नाहीत. नरसिंहपूरच्या घाटाच्या पायऱ्या त्यांनी एकदा उतरल्या आणि वर येताना नानांच्या खांद्यावर भार टाकला. ते गेले तेव्हा मी डॉक्टरांना विचारलं, माझ्यामुळे वाया गेलेल्या त्या दिवसांनी काही फरक पडला का? ते म्हणाले, असं सांगता येत नाही. पुढे मी इंदापूरच्या शाळेत इतकी वर्षं इंग्रजी शिकवलं, आणि प्रत्येक परीक्षेत मुलांना सांगितलं, प्रश्नपत्रिका उलटून बघा. मुलं हसायची. मी हसत नसे.

यंदा श्रावणात माझ्या हृदयाच्या नळीत जाळी बसवली, हे तुम्हाला माहीत आहे. दुसऱ्याच दिवशी तिथली परिचारिका म्हणाली, "चला आजी, उतरा खाली, थोडं चालू या." तिला वाटलं मी हट्टी आहे. मी पलंगाची कड दोन्ही मुठींत धरून बसले होते. अण्णांनी दोरी का धरली होती, ते मला त्या वेळी कळलं. घरी आल्यावर शेजारची संगीता सकाळ-संध्याकाळ येते, फळं कापून देते, तुमची आई रोज फोन करून गोळ्या घेतल्या का विचारते, आणि तुम्ही पाठवलेलं ते पावलं मोजणारं घड्याळ मनगटावर असतं. सगळं आहे. तरी खाटेवरून उठायचं म्हटलं की अजून छातीत धडधडतं, आणि दिवसातले कित्येक तास मी भिंतीकडे तोंड करून पडून राहते. हे तुमच्या आईला सांगू नका.

म्हणून मी एक केलं आहे. रविवारी तुमचा फोन यायच्या आधी मी तो पडवीच्या टोकाला, खिडकीत नेऊन ठेवते आणि परत येऊन पडते. खाटेपासून तिथपर्यंत बरोबर वीस पावलं आहेत, मी मोजली आहेत. तो वाजला की उठते. मध्येच थांबावं लागतं, भिंत धरावी लागते. तेव्हा फोन लवकर बंद करत जाऊ नका, बाळांनो. वाजू द्या. मी येते आहे.